ग्रीक-रोमन पुतळे रंगीत होते हे मान्य, पण मग ते इतके भडक का दिसतात?

फिरस्ती
मंडळी, विषय जरा लांबचा आहे पण इथे चित्रकलेतली आणि इतिहासातली बरीच जाणकार मंडळी आहेत म्हणून धागा काढतेय.

म्युनिकमध्ये ग्लिप्टोथेक नावाचं संग्रहालय आहे, १८३० पासूनचं. आत सगळी ग्रीक-रोमन शिल्पं. त्यातलं मुख्य आकर्षण म्हणजे एजिना बेटावरच्या अफाया देवीच्या देवळावरचे योद्धे. देवळाच्या दोन्ही टोकांना छपराखाली जो त्रिकोण असतो ना, त्यात हे सगळे लढतायत, पडतायत, मरतायत. इ.स.पू. ५०० ते ४८० च्या आसपासचं काम. बव्हेरियाच्या युवराज लुडविगने १८१२ मध्ये लिलावात घेऊन इकडे आणले. त्यात गुडघा टेकून बाण सोडणारा एक धनुर्धर आहे. मूळ दगड बघितला तर पिवळट पांढरा, शांत, बघत राहावा असा. आणि त्याचीच रंगवलेली प्रतिकृती बघा! पायात घट्ट विजार, तिच्यावर वरपासून खालपर्यंत शंकरपाळ्यांची नक्षी, निळी, लाल, हिरवी, पिवळी, वर पिवळी बंडी. विन्झेंझ ब्रिंकमन आणि उलरिके कॉख-ब्रिंकमन या नवरा-बायकोने वर्षानुवर्षं अभ्यास करून ह्या प्रतिकृती केल्यात, २००३ मध्ये म्युनिकलाच त्यांचं 'रंगीत देव' नावाचं प्रदर्शन झालं आणि मग ते जगभर फिरलं.

रंग होते हे मला पटलंय, त्यावर वाद नाही. माझा प्रश्न वेगळाय. ज्या लोकांनी दंडाची शीर आणि गुडघ्याची वाटी इतकी हुबेहूब कोरली त्यांनी रंग लावताना अक्कल गहाण ठेवली होती का? की आजच्या प्रतिकृती करणाऱ्यांचं काहीतरी चुकतंय? माझं स्वतःचं मत विचाराल तर पांढरेच बरे दिसतात. मारायला धावू नका.

जुना_पेठकर
पांढरेच बरे. +१. दोन हजार वर्षं मातीत ठेवून देवाने केलेलं एडिटिंग आहे ते, माणसाने परत त्यात हात घालू नये.

वेलदोडा
रुमाल टाकून ठेवते. रात्री सावकाश वाचणार.

नीरक्षीर
फिरस्ती, छान धागा. पेशाने रसायनवाला असल्यामुळे आधी पुराव्याचं बोलतो, म्हणजे 'कुणीतरी कल्पनेने रंगवलं' हा सूर पुढे यायला नको.

पहिली पद्धत एकदम साधी. अंधारात दिवा अगदी बाजूने, दगडाला घासून जाईल असा धरायचा. रंग जिथे जास्त टिकला तिथला दगड ऊन-पावसापासून जास्त काळ वाचला, जिथे लवकर उडाला तिथला लवकर झिजला. त्यामुळे रंग पूर्ण गेला तरी नक्षी दगडावर केसाएवढ्या उंचसखलपणाने राहते. तुमच्या धनुर्धराच्या विजारीवरच्या चौकटी अशाच सापडल्या आहेत. अतिनील प्रकाशातही त्या दिसतात.

दुसरी पद्धत मला फार आवडते. ईजिप्शियन निळा म्हणून एक रंग आहे. वाळू, चुना आणि तांबं, थोडा क्षार घालून भट्टीत भाजून केलेला, माणसाने बनवलेल्या सगळ्यात जुन्या कृत्रिम रंगांपैकी एक. याची गंमत अशी की त्याच्यावर साधा दिसणारा प्रकाश टाकला की तो अवरक्त प्रकाश बाहेर टाकतो. आपल्या डोळ्याला काहीच दिसत नाही, पण अवरक्त कॅमेऱ्यात तो कण दिव्यासारखा पांढरा चमकतो. जोव्हानी वेरी नावाच्या संशोधकाने ही पद्धत शिल्पांसाठी विकसित केली आणि २००९ मध्ये ब्रिटिश म्युझियममधल्या, अथेन्सच्या पार्थेनॉन देवळावरच्या आयरिस देवीच्या कमरपट्ट्यावर हा निळा सापडला. त्याआधी पिढ्यान् पिढ्या तज्ज्ञ तिथे भिंग लावून बसले होते आणि कुणाला काही मिळालं नव्हतं! २०२३ मध्ये तर पार्थेनॉनच्या बऱ्याच शिल्पांवर रंगाच्या खुणा असल्याचं प्रसिद्ध झालं.

तेव्हा रंग होते, नुसते होते नाही तर कुठे कुठला हेही बऱ्याच ठिकाणी सांगता येतं. भडकपणाबद्दल नंतर लिहितो, आता मीटिंग.

सातारी_कंदील
मीटिंगला जाता जाता एवढं लिहिलंत, मीटिंग नसती तर पीएचडी झाली असती. दंडवत.

जेजेचा_माजी
पांढऱ्याचा मोह कुठून आला ते बघायला पाहिजे. आपल्याकडच्यासुद्धा.

१५०६ च्या जानेवारीत रोममध्ये एका द्राक्षमळ्यात लाओकून सापडला, सापांनी विळखा घातलेला बाप आणि दोन मुलगे. मायकेलअँजेलो स्वतः बघायला गेला होता. तेव्हा जमिनीतून निघणाऱ्या बहुतेक शिल्पांवरचा रंग गेलेला असायचा, जो उरलेला असायचा तो माती धुताना जायचा आणि तरी काही राहिलंच तर विकणारे घासून काढायचे कारण गिऱ्हाइकाला पांढरं हवं. मग रेनेसाँसच्या शिल्पकारांनी पांढऱ्यातच काम केलं, पुढे त्या सगळ्याचे प्लास्टरचे साचे युरोपभर गेले, आणि तेच साचे बोटीने मुंबईला आले. १८५७ मध्ये जेजे स्कूल सुरू झालं तेव्हापासून पिढ्यान् पिढ्या मराठी मुलांनी या प्लास्टरच्या ग्रीक डोक्यांवरून छायाप्रकाश शिकला आहे. अँटीक ड्रॉइंग म्हणायचे. नाकाच्या बाजूची सावली, पापणीखालची सावली, सगळं कोळशाने, पांढऱ्या कागदावर पांढरं डोकं. रंगाचा प्रश्नच नव्हता. आमच्या डोळ्याला 'अभिजात' म्हणजे पांढरं हे तिथे लागलेलं वळण आहे.

गंमत म्हणजे त्याच जेजेच्या ग्रिफिथ्स साहेबांनी १८७२ पासून मुलांना अजिंठ्याला नेऊन भित्तिचित्रांच्या नकला करून घेतल्या. म्हणजे एका हाताने पांढरं प्लास्टर, दुसऱ्या हाताने अजिंठ्याचा गेरू आणि हिरवा. पण 'हे शिल्प आणि ते चित्र' अशी फाळणी डोक्यात पक्की झाली ती झालीच.

कलासक्त_किडा
याच्या मुळाशी सरळ सरळ वर्णद्वेष आहे हे कुणीच का बोलत नाहीये? विंकेलमन नावाच्या जर्मनाने १७६४ मध्ये प्राचीन कलेचा इतिहास लिहिला आणि त्यात शरीर जितकं पांढरं तितकं सुंदर असं छापलं. पुढे गोऱ्या लोकांनी ग्रीक म्हणजे आपले गोरे पूर्वज असं समीकरण करून टाकलं. रंग दाखवला की हे समीकरण मोडतं म्हणून लोकांना त्रास होतो.

जुना_पेठकर
आलं का शेवटी ते. मला पांढरा पुतळा आवडतो म्हणून मी वर्णद्वेष्टा? सदाशिव पेठेत बसून? आरशात बघून सांगतो, पांढऱ्याशी माझा काहीएक संबंध नाही.

नीरक्षीर
किडा, अर्धं बरोबर आहे. विंकेलमनच्या पुस्तकाचा परिणाम प्रचंड झाला आणि नंतरच्या लोकांनी त्याचा वापर वाईट केला हेही खरं. पण त्याला रंगाबद्दल काही माहीतच नव्हतं असं नाही. १७६० मध्ये ज्वालामुखीच्या राखेत गाडलेल्या पॉम्पेई या रोमन शहरात आर्टेमिस देवीचा एक पुतळा निघाला, केसांवर, वस्त्राच्या काठांवर रंग शाबूत, आणि विंकेलमनने स्वतः त्या रंगांचं वर्णन लिहून ठेवलंय. तो पुतळा आज नेपल्सच्या संग्रहालयात आहे. म्हणजे समोर पुरावा होता, नोंद केली, पण एकूण सिद्धांतात त्याला जागा दिली नाही. अभ्यासकाच्या बाबतीत मला हे जास्त बोचतं.

कलासक्त_किडा
म्हणजे माझंच म्हणणं.

जुना_पेठकर
म्हणजे तुमचं नाही, अर्धं.

संपादक
विषयाला धरून राहू या. वैयक्तिक शेरेबाजीचे दोन प्रतिसाद उडवले आहेत.

सातारी_कंदील
उडवलेले प्रतिसाद पण अतिनील प्रकाशात दिसतील का?

गोदाकाठ
=)) कंदील!

पांढरं करण्याच्या हौसेचा सगळ्यात वाईट किस्सा राहिला. एल्गिन साहेबाने अथेन्सहून आणलेली पार्थेनॉनची शिल्पं १८१६ मध्ये ब्रिटिश सरकारने ३५,००० पौंडांना घेतली हे सगळ्यांना माहीत असतं. पुढचं कमी माहीत असतं. १९३० च्या दशकात ड्यूवीन नावाच्या बड्या कला-व्यापाऱ्याच्या पैशातून या शिल्पांसाठी नवीन दालन बांधत होते. पेंटेली डोंगराच्या त्या संगमरवरात थोडं लोह असतं, त्यामुळे तो काळाबरोबर मधासारखा पिवळसर होतो. ड्यूवीनला ते मळकट वाटलं. १९३७-३८ मध्ये कामगारांनी तांब्याची हत्यारं आणि कार्बोरंडम घेऊन शिल्पं घासली. कार्बोरंडम म्हणजे ज्याने चाकूला धार लावतात तो दगड! मग बोंब झाली, चौकशी झाली. आता विचार करा, त्या पिवळ्या थराबरोबर आणखी काय काय गेलं असेल. नीरक्षीर म्हणतात तो आयरिसचा निळा एवढं होऊनही सापडला हेच नवल.

ज्यांना खरे उरलेले रंग बघायचेत त्यांनी लंडनला नाही, अथेन्सच्या अक्रोपोलिस संग्रहालयात जावं. इ.स.पू. ४८० मध्ये इराण्यांनी अक्रोपोलिस, म्हणजे अथेन्सची देवळांची टेकडी, जाळलं, अथेन्सच्या लोकांनी परत आल्यावर फुटलेल्या मूर्ती तिथेच खड्ड्यांत पुरल्या. त्यामुळे त्यांना ना ऊन लागलं ना व्यापारी. १८८६ च्या सुमारास त्या बाहेर निघाल्या तेव्हा ओठांवर, केसांवर, वस्त्राच्या काठांवर लाल-निळा-हिरवा होता. पेप्लॉस कोरे म्हणून एक मुलगी आहे, इ.स.पू. ५३० च्या आसपासची. ओठांच्या कोपऱ्यात किंचित हसू, केस अजूनही तांबूस, बुबुळं लाल. साधा झगा वाटतो पण पुढच्या बाजूला उभ्या पट्ट्यात छोटे छोटे प्राणी रंगवलेले होते, सिंह, बकऱ्या, घोडेस्वार. दालनात फार प्रखर दिवे नाहीत, जवळ जाऊन मान तिरकी करून बघावं लागतं.

चिंचेचं_पान
एक बाळबोध शंका. या सगळ्यांची नाकं का तुटलेली असतात?

सातारी_कंदील
लोकांच्या भानगडीत खुपसली म्हणून.

गोदाकाठ
पुतळा तोंडावर पडला की पहिलं नाक जातं, मग बोटं, मग अजून एक अवयव. काही मुद्दाम तोडलेली आहेत. ब्रिटिश म्युझियममध्ये जर्मानिकस या रोमन सेनापतीचं एक डोकं आहे, नाक छाटलेलं आणि कपाळावर क्रूस कोरलेला, नंतरच्या ख्रिश्चन काळातली करामत. मग अठराव्या-एकोणिसाव्या शतकात संग्राहकांनी नवीन नाकं बसवून घेतली. विसाव्या शतकात विचार बदलला आणि ती नाकं परत काढली. कोपनहेगनच्या ग्लिप्टोटेकमध्ये या काढलेल्या नाकांचं चक्क एक कपाट आहे, काचेच्या मागे नाकंच नाकं. फिरस्तीच्या एजिनाच्या योद्ध्यांचंही तेच झालं. थॉर्वाल्डसेन या डॅनिश शिल्पकाराने त्यांना नवे हातपाय, डोकी बसवली होती, १९६० च्या दशकात ती सगळी उतरवली.

चिंचेचं_पान
नाकांचं कपाट!! हे बघायला मी तिकीट काढायला तयार आहे.

पंचगंगा_घाट
अवांतर आहे पण कोल्हापूरकर असून गप्प बसलो तर लोक विचारतील. रोमन मूर्ती बघायला युरोपलाच जायला पाहिजे असं नाही. आमच्या टाऊन हॉल म्युझियममध्ये पोसायडनची काशाची छोटी मूर्ती आहे, समुद्राचा ग्रीक देव. पंचगंगेच्या काठावर ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४४-४५ मध्ये सापडली. तिच्याबरोबर रोमन बनावटीची काशाची भांडीही निघाली. सातवाहनांच्या काळात कोकणातल्या बंदरांतून घाट चढून हा माल आला. हातातला त्रिशूळ गेलाय, पण पाय टाकून उभं राहायची ऐट बघा. शाळेच्या सहलीत आम्ही त्याच्यासमोरून पळत पुढे तोफा बघायला जायचो.

फिरस्ती
पंचगंगा, अवांतर कसलं, सुरेख माहिती. याच्या उलट दिशेचा प्रवास पण आहे. पॉम्पेईत १९३८ मध्ये हस्तिदंताची एक भारतीय स्त्रीमूर्ती सापडली, साधारण वीतभर उंच, तिला लक्ष्मी म्हणायचे, आता बहुतेक जण यक्षी म्हणतात. इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियस फुटला म्हणजे त्याआधी ती तिथे पोचली होती. आणि तिच्यासारख्या मूर्ती आपल्याकडे तेर आणि भोकरदनला मिळाल्यात, त्यामुळे ती मराठवाड्यातूनच गेली असावी असं मानणारे बरेच आहेत.

पण काशावरून आठवलं, काशाच्या पुतळ्यांचं काय? ते तरी रंगवत नव्हते ना?

जेजेचा_माजी
रंगवत नसत पण आज दिसतात तसे काळे-हिरवेही नसत. नवं कासं सोनेरी तपकिरी असतं, उन्हात तापलेल्या कातडीच्या जवळचा रंग. १९७२ च्या ऑगस्टमध्ये इटलीच्या टाचेजवळ, नाही, पायाच्या बोटांजवळ म्हणा, रियाचेच्या समुद्रात एका हौशी पाणबुड्याला दोन पुतळे सापडले. आज रेज्जो कालाब्रियाच्या संग्रहालयात आहेत. उंची जवळजवळ दोन मीटर. ओठ आणि स्तनाग्रं तांब्याची, म्हणजे लालसर. एकाचे दात चांदीचे! तोंड किंचित उघडं आहे आणि ओठांच्या आत ते दात दिसतात. डोळ्यात वेगळा दगड बसवलेला. म्हणजे रंग लावला नाही तरी धातू बदलून रंगच साधलाय. मेणाचा साचा वितळवून ओतकाम, आपल्याकडे स्वामीमलईला आजही करतात तीच मूळ कल्पना, फक्त यांनी आतून पोकळ आणि तुकड्या-तुकड्यांनी ओतून जोडलंय.

आणि अशी मूळ ग्रीक काशाची शिल्पं फार थोडी उरली, बाकी लोकांनी वितळवून टाकली. आपण पुस्तकात बघतो ते बरेचसे रोमन लोकांनी संगमरवरात केलेल्या नकला. पायाशी उगाच झाडाचा बुंधा असतो बघा, तो त्यासाठीच, काशाला आधार लागत नाही, दगडाला लागतो.

वेलदोडा
हुश्श, वाचून झालं. त्या बुंध्याचं कोडं मला लहानपणापासून होतं. ऑलिम्पिकमध्ये जंगलात पळायचे की काय असं वाटायचं.

मी विचारते ते कदाचित मूर्खासारखं असेल पण आपल्या देवळांचं काय? वेरूळ पण रंगीत होतं ना?

गोदाकाठ
होतं तर. कैलास लेण्याला रंगमहाल म्हणायचे ते उगाच नाही. शिल्पांवर चुन्याचा गिलावा आणि त्यावर रंग, छताला काही ठिकाणी अजून दिसतो. आपण जो काळा कातळ बघून भारावून जातो तो बांधणाऱ्यांना अर्धवट राहिलेलं काम वाटलं असतं.

जुना_पेठकर
आता कैलास पण रंगवायला काढू नका म्हणजे मिळवली. आणि शेंदूर फासलेल्या देवाचा शेंदूर निघाला की खाली किती सुंदर शिल्प निघतं हे आपण बघितलंय की. रंग म्हणजे नेहमी भर घालणं असं नाही, झाकणंही असतं.

नीरक्षीर
पेठकर, हा मुद्दा मात्र चांगलाय. फरक एवढाच की शेंदूर मूर्तिकाराच्या हिशोबात नसतो, भक्ताच्या असतो. ग्रीकांकडे रंगकाम शिल्पाच्या हिशोबातच होतं. प्लिनी हा रोमन लेखक सांगतो की प्रॅक्सिटेलीसला विचारलं, तुझं स्वतःचं कुठलं काम तुला सगळ्यात आवडतं? तो म्हणाला, ज्याला निकियासचा हात लागलाय ते. निकियास हा त्या काळातला नामांकित चित्रकार. म्हणजे पहिल्या फळीचा शिल्पकार पहिल्या फळीच्या चित्रकाराकडे पुतळा पाठवायचा. युरिपिडीसच्या नाटकात हेलन म्हणते की पुतळ्यावरचा रंग पुसतात तसं माझं रूप पुसून कुरूप करता आलं असतं तर बरं झालं असतं. तिच्या लेखी बिनरंगाचा पुतळा कुरूप!

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटनमध्ये दक्षिण इटलीतला एक मोठा रांजण आहे, इ.स.पू. ३६०-३५० चा. त्यावर हे कामच चित्रित केलंय. मध्ये हेराक्लिसचा पुतळा, एक कारागीर त्याला मेणात कालवलेला रंग लावतोय, बाजूला पोऱ्या शेगडीवर सळया तापवतोय कारण मेण गरम ठेवावं लागतं. वर देवांचा राजा झ्यूस आणि विजयाची देवी नायकी बसलेत. आणि उजवीकडून खुद्द हेराक्लिस, जिवंत, आपला पुतळा कसा होतोय ते हळूच बघायला आलाय.

सातारी_कंदील
क्लायंट साइट व्हिजिट. 'दंड अजून थोडे मोठे करा' सांगायला आला असणार.

पेणकर_मूर्तीवाला
नमस्कार. मी इथे फारसं लिहीत नाही, वाचतो. आमचा पेणला गणपतीचा कारखाना आहे, आजोबांपासून. तुमच्या त्या धनुर्धराचे फोटो शोधून नीट बघितले. मला इतिहास कळत नाही पण रंगकाम कळतं म्हणून बोलतो.

ती मूर्ती पुरी झालेली नाही. एक हात मारून सोडलेलं काम आहे. आमच्याकडे आधी पांढरा हात, मग अंगाचा रंग, मग शेडिंग. गाल, पोटाची घडी, बोटांच्या फटी, सोंडेच्या वळ्या इथे गडद जातो, वर आलेल्या भागावर उजळ. मग दागिने, सोनेरी. सगळ्यात शेवटी डोळ्यांची आखणी आणि ती सगळ्यांना जमत नाही, कारखान्यात एखाद्यालाच जमते. शेडिंगच्या आधी कुठलाही गणपती बघा, खेळण्यातला वाटेल. कातडी सगळीकडे एकच रंग, निळा सगळीकडे एकच निळा, तर भडक दिसणारच. त्यात तुमची प्रतिकृती प्लास्टरवर केलेली दिसते. प्लास्टर रंग पितं आणि मेल्यासारखं दिसतं. संगमरवरावर मी एकदोनदा काम केलंय, त्याच्यात उजेड थोडा आत शिरतो, पातळ रंग मारला तर कातडीसारखं दिसतं.

माझा अंदाज असा की दोन हजार वर्षांनी दगडाला चिकटून राहील तो तळाचा हात. वरचे पातळ हात आधी जाणार. ज्यांनी प्रतिकृती केली त्यांना तळाचाच सापडला, त्यांनी तोच दाखवला.

जेजेचा_माजी
मूर्तीवाले, साष्टांग. इतक्या वर्षांत परिसंवाद ऐकले त्यात इतक्या सरळ शब्दांत कुणी सांगितलं नाही.

पुरावा तुमच्या बाजूने आहे. ब्रिटिश म्युझियममध्ये रोमला सापडलेलं एका स्त्रीचं संगमरवरी डोकं आहे, दुसऱ्या शतकातलं, गेऑर्ग ट्रॉय या जर्मन अभ्यासकाच्या नावाने ओळखतात. त्यावर कातडीचा रंग टिकलाय आणि तपासल्यावर तो एकावर एक थरांचा निघाला, डोळ्यांच्या पांढऱ्यात निळ्याची किंचित छटा मिसळलेली. तशी छटा खऱ्या डोळ्यात असतेच, पोर्ट्रेट करणाऱ्याला माहीत असतं. आणि त्या काळचे रंगारी किती तयारीचे होते ते बघायचं तर ईजिप्तमधली फायूमची व्यक्तिचित्रं बघा. ममीच्या तोंडावर बसवायच्या लाकडी फळ्या, बऱ्याच मेणाच्या रंगातल्या. पेट्री या इंग्रज उत्खननकाराने १८८८ मध्ये फायूममधल्या हवाराला ढिगाने काढल्या. ओलसर डोळे, गालावरचा उजेड, कानातल्या मोत्यावर पांढऱ्याचा एकच फटका. हे करणारी माणसं संगमरवरावर सपाट गुलाबी फासून घरी गेली असतील हे मला पटत नाही.

फिरस्ती
मूर्तीवाले दादा, मनापासून आभार, यासाठीच धागा काढला होता. पण जरा भांडते. जेजे, तुमचं रोमन डोकं दुसऱ्या शतकातलं, फायूम पहिल्या ते तिसऱ्या शतकातलं. माझा धनुर्धर त्याच्या सहाशे वर्षं आधीचा आहे! ग्रीक चित्रकलेत छायाप्रकाश आणला अथेन्सच्या अपोलोडोरसने, इ.स.पू. पाचव्या शतकाच्या अखेरीस, असं प्लुटार्क हा ग्रीक लेखक सांगतो. त्याच्या आधी चित्रंसुद्धा सपाट रंगाचीच होती. मग पुतळ्यावर शेडिंग कुठून येणार? म्हणजे रोमन पुतळ्यांच्या बाबतीत मूर्तीवाल्यांचं शंभर टक्के बरोबर, पण धनुर्धर कदाचित खरंच तसाच भडक होता.

गोदाकाठ
फिरस्ती, पॉइंट आहे. आणि तो धनुर्धर तुम्ही दोन हातांवरून बघितलात. तो मूळ जागी निदान दोन मजले उंच होता, ग्रीसच्या उन्हात, मागची भिंत निळी, वर छपराची दाट सावली. खालून बघणाऱ्याला विजारीवरची नक्षी दिसली तरच कळणार की हा परदेशी पोशाखातला तिरंदाज आहे, ग्रीक नाही. तिथे हलके रंग मारले असते तर खालून फक्त एक पांढरा ठिपका दिसला असता.

पेणकर_मूर्तीवाला
हे बरोबर. मंडपातल्या मोठ्या मूर्तीला आम्ही पण रंग जोरात ठेवतो, घरच्या मूर्तीला मऊ. लांबून बघायचं असतं म्हणून. पण तरी डोळे आणि ओठ तरी त्यांनी नीट केले असतील असं मला वाटतं. डोळे सपाट ठेवून कुणी मूर्तिकार झोपू शकत नाही.

नीरक्षीर
मीटिंगमधून जिवंत परतलो. ब्रिंकमन लोकांची बाजू पण सांगायला हवी. त्यांनी बहुतेक प्रतिकृती त्याच जुन्या रंगद्रव्यांनी केल्यात, अझुराइट, मॅलाकाइट, हिंगूळ, गेरू वगैरे. आणि जिथे पुरावा नाही तिथे पांढरंच सोडलंय, अर्धवट रंगवलेल्या प्रतिकृती पण त्यांच्या आहेत. कल्पनेने शेडिंग घातलं असतं तर याच धाग्यावर 'पुरावा काय' म्हणून आपणच ओरडलो असतो. मला वाटतं चूक प्रतिकृतीत कमी आणि ती मांडण्यात जास्त आहे. बाजूला एक पाटी हवी, 'एवढं नक्की, बाकी माहीत नाही'.

आणि चकाकी राहिली. रंगावर मेण आणि तेल चोळायचे, ग्रीसमधल्या डेलोस बेटावरच्या देवळाच्या हिशोबाच्या शिलालेखांत मूर्तींसाठी स्पंज, तेल, मेण, गुलाबाचं अत्तर यांचा खर्च मांडलेला आहे. म्हणजे दरवर्षी देखभाल. ती चकाकी कुठल्याच प्रतिकृतीत मला दिसली नाही.

कलासक्त_किडा
गुलाबाच्या अत्तराचा खर्च, वा! पेठकर, आता तरी पांढरं सोडा.

जुना_पेठकर
अत्तर लावलेला पुतळा एक वेळ चालेल. शंकरपाळ्यांची विजार नाही.

चिंचेचं_पान
मे महिन्यात इटलीला जातोय, ग्रुप टूर नाही, आमचे आम्हीच. वरच्यापैकी काय काय बघता येईल? नवरा म्हणतो एकच संग्रहालय, त्यापेक्षा जास्त नाही.

फिरस्ती
मग नेपल्सचं पुरातत्त्व संग्रहालय. नीरक्षीर म्हणतात ती रंगाच्या खुणा असलेली आर्टेमिस तिथेच, पॉम्पेईची भित्तिचित्रं तिथेच, ती हस्तिदंती यक्षीसुद्धा तिथलीच, 'गुप्त दालन' आहे त्यात विचारा, मुलं बरोबर असतील तर आधी एक जण आत जाऊन या. मंगळवारी बंद असतं, त्या दिवशी पॉम्पेई करा.

चिंचेचं_पान
गुप्त दालन म्हटल्यावर नवरा दोन संग्रहालयांना तयार झालाय.